ही बाजू वर

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजात
बेदाण्याच्या प्रत्येक खोक्यावर बाण छापलेला असतो :
ही बाजू वर.
सात वर्षं मी ते बाण बघून चलन फाडते.
एखादं खोकं थप्पीत उलटं गेलं
की काचेवर टकटक करते,
हमाल हसतो, फिरवून ठेवतो.

मिरजेत, सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत
मुजावर मॅडमनी पडद्यावर बोट टेकवलं.
"हे डोकं." माझ्या बरगडीखाली.
"हे बूड." खाली, जिथं डोकं हवं तिथं.
छत्तीस आठवडे, चार दिवस,
आणि तू मांडी घालून बसलेलं,
पंगतीत पान वाढायची वाट बघत असल्यासारखं.

सासूबाईंचा थापता हात थांबला नाही.
"पायाळू हाय म्हण की.
तुझं मामंजी पायाळू.
उसण भरली की माणसं दारात येऊन पालथी पडायची,
ह्यांनी पाठीवर पाय दिला की उठून चालायची.
वर च्या पाजायचा समद्यास्नी."
आणि वीज कडाडली की त्यांची आई
त्यांना आतल्या खोलीत कोंबून वर घोंगडं टाकायची,
नातवंडं झाली तरी.
"मग त्यांच्या वेळी आईंना त्रास झाला असेल?"
त्यांनी भाकरी उलटली.
"घोंगडं टाकायची ती दुसरी आई," म्हणाल्या.

मॅडमनी औषधाच्या पाकिटामागं लिहून दिलं होतं :
बाहेरून हातानं फिरवून बघायचं, निम्म्या वेळा जमतं.
नाहीतर तारीख ठरवून सिझर.
कळांची वाट बघायची तिसरी वाटही लिहिली,
मग पेनानं तिच्यावर एक बारीक रेघ.
पाकीट आठवडाभर फ्रिजवर.
भरतेश रात्री मोबाईलची बॅटरी
माझ्या ओटीपोटाशी धरून बसायचा,
"इकडं, इकडं, अजून थोडं, येऊ दे,"
ट्रक मागं घेताना म्हणतात तसं.
मी हसले की तूही हलायचंस. फिरायचं नाहीस.
कुणी म्हणालं, गुडघ्यावर बसून फरशी पूस.
पुसली. दोनदा.
कुणी विचारलं, गाडीवर फार हिंडलीस का गं?

मंगळवारी फिरवून बघितलं.
थंडगार जेली, मॅडमचे दोन तळवे,
जड कपाट सरकवताना लावतो तसा जोर,
थांबत, श्वास घे म्हणत.
तू सरकलंस. आडवं झालंस.
माझं पोट क्षणभर रुंद, अनोळखी.
मग यंत्रातले ठोके मंदावले
आणि मॅडमनी दोन्ही हात उचलले,
तव्याला लागल्यासारखे.
तू सावकाश परत तुझ्या पाटावर.
ठोके धावायला लागले.
"नाळ आखूड असेल. जागा कमी असेल," त्या म्हणाल्या,
"किंवा काहीच नसेल."
ते 'काहीच नसेल' मी सिटी बसमधून
मांडीवर सांभाळून घरी आणलं.

सासूबाईंनी पंचांग काढलं, मी चलनबुक.
शनिवारी दोन ट्रक भरायचे होते. सोमवार ठरला.
संमतीच्या कागदावर एक रकाना होता, रुग्णाशी नाते.
भरतेशनं पेनाचं टोपण काढलं.
मी म्हटलं, दे इकडं.
लिहिलं : स्वतः.
अक्षर जरा वाकडं आलं.

रविवारची रात्र.
तुझं डोकं तळव्याखाली, कवठासारखं टणक,
तुला उचक्या लागलेल्या.
सिझरचं पोर पायाळू धरतात का, मी विचारलं.
"काय म्हाईत बाई," सासूबाई अंधारातून म्हणाल्या.
तेवढ्यात तासगावच्या अंगाला वीज चमकली,
लांब, आवाज न करता.
त्या उठल्या. ट्रंक वाजली.
एप्रिलच्या उकाड्यात, काही न बोलता,
त्यांनी माझ्या पोटावर घोंगडं टाकलं.
टोचत होतं. डांबरगोळ्यांचा वास येत होता.
मी काढलं नाही.